कांद्याचं पंचांग

डिसेंबर जवळ आला की मुळशीच्या धरणाकाठी जी नवी घरं झाली आहेत, त्यांतल्या काहींत अलीकडे एक निराळंच व्रत चालू असलेलं दिसतं. या व्रताला फुलांचे कांदे लागतात, एक फ्रीज लागतो आणि बराचसा संयम लागतो. देव, कहाणी, उद्यापन यांपैकी काही नाही. सोवळं मात्र कडक. ऑक्टोबरात हॉलंडहून आलेले ट्यूलिपचे कांदे कागदी पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात ठेवायचे आणि नाताळच्या सुमारास दिवाणखान्यातल्या कुंडीत फुलवायचे, असा संकल्प. बाहेर पाण्यावर धुकं, आत काचेपाशी लाल-पिवळे ट्यूलिप, शेजारी केक. चित्र सुंदर आहे. त्या चित्राबद्दल कांद्याचं मत तेवढं कुणी विचारलेलं नसतं.

ट्यूलिपचा कांदा उभा चिरला तर आत पुढच्या वसंतातलं अख्खं फूल दिसतं. पाकळ्या, पुंकेसर, देठ, सगळं फिकट आणि इतकं बारीक, की कुणी तांदळाच्या दाण्यावर एखाद्या गावाचा नकाशा कोरून ठेवावा. हे फूल कांद्यानं उन्हाळ्यातच, जमिनीबाहेर कोरडा पडलेला असताना, गुपचूप तयार केलेलं असतं. आता त्याला हवी असते थंडीची खूण. चार ते नऊ अंशांचे बारा-सोळा आठवडे लागोपाठ गेले की हिवाळा सरला अशी त्याची खात्री पटते आणि मग तो देठ लांबवायला घेतो. ही थंडी भेटली नाही तर देठ खुजा राहतो, कळी पानांतच गुदमरते. मुळशीत डिसेंबरच्या पहाटे शेकोटीपासून उठवत नाही आणि धरणावरचा वारा कान कापतो, हे खरं. पण दुपारी त्याच अंगणात स्वेटर काढून ठेवावा लागतो. आपल्याला तेवढी थंडी पुरते. ट्यूलिपच्या लेखी ती थंडीची अफवा असते. म्हणून गार हवा खायला शहरातून मुळशीला आलेली मंडळी कांद्याला मात्र विजेवरची थंडी पुरवतात, आणि यात काही गंमत आहे असं कुणाला वाटत नाही.

आमच्या नात्यातल्या एका वहिनींनी हे व्रत मोठ्या निष्ठेनं धरलं आहे. त्यांच्या फ्रीजमध्ये ऑक्टोबरपासून सफरचंदाला प्रवेश नाही. पिकणारी फळं इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्या वायूनं कांद्यातली कळी आतल्या आत मरते, हे शास्त्र त्यांना पाठ आहे. त्यामुळे दादांची सफरचंदं खिडकीत, चिलटं हाकत बसलेली. केळ्यांची रवानगी माळ्यावर. सीताफळानं फ्रीजकडे बघायचंही नाही. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हा वायू फारसा सोडत नाही, तेव्हा तिला अभय मिळालं. पण तीही बिचारी त्या कप्प्यात पाहुण्यांच्या देवघरात बसल्यासारखी अंग चोरून बसलेली असते. दादा एकदा म्हणाले, "आपल्या घरात आजवर कुणाच्या झोपेची इतकी काळजी घेतली नव्हती." वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि फ्रीजचं दार अगदी हलक्या हातानं लावलं.

तरी हिशेब जमत नाही तो नाहीच. ऑक्टोबराच्या मध्याला ठेवलेला कांदा बारा आठवड्यांनी जानेवारीत बाहेर येतो. त्यानंतर मुळं धरून, कोंब काढून फुलायला आणखी तीन-चार आठवडे. नाताळ गेलेला असतो, एकतीस डिसेंबरचे फटाके थंडावलेले असतात, संक्रांतीचा तिळगूळ डब्याच्या तळाला गेलेला असतो. मग वसंत पंचमीच्या आसपास एका सकाळी कुंडीत लाल कळी उभी, आणि घरात तिचं कौतुक करायला कुणी नाही, कारण सुट्टी संपवून मंडळी पुण्याला परतलेली. हॉलंडचे बागायतदार नाताळची मागणी धरून कांदे उन्हाळ्याअखेरीसच शीतगृहात घालतात, म्हणून त्यांना ते साधतं. आपला कांदा आपल्याला ऑक्टोबरात भेटतो. त्याला तारखांचं कौतुक नाही, तो आठवडे मोजतो. आणि वसंत पंचमीला फुलला, यात खरं म्हणजे चुकलं कुठे? वसंताचं फूल ते.

सणाच्या दिवशी फूल हजर हवं, हा हट्ट वहिनींचा एकट्यांचा नाही. इराणी घरांतून नवरोजच्या हफ्तसीनच्या मांडणीशेजारी 'सोंबोल' म्हणजे हायसिंथ फुललेला लागतो. चीनमधल्या झांगझोऊ भागात नर्गिसचे कांदे नव्या वर्षासाठी पाण्याच्या ताटलीत वाढवतात, आणि तिथले कारागीर तर कांदा पातळ सुरीनं असा कोरतात की पानं सरळ न वाढता खेकड्याच्या नांग्यांसारखी वळतात. नववर्षाला आपण भिंतीवर दिनदर्शिका टांगतो, ते लोक ती कांद्यातून उगवून आणतात. त्यातल्या त्यात नर्गिस हा समजूतदार गडी. पांढऱ्या घोसाचा, पेपरव्हाइट नावाचा जो नर्गिस बाजारात मिळतो, त्याला थंडीची अट नाही. पसरट वाडग्यात खडे घालावे, कांद्याच्या बुडाला लागेल एवढं पाणी ओतावं, चार-सहा आठवड्यांत फूल. फक्त घरातल्या उबेत आणि अपुऱ्या उजेडात तो भराभर उंच होतो आणि ऐन सणाच्या दिवशी कमरेतून वाकून टेबलावर डोकं टेकतो.

यावर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात विल्यम मिलर या अभ्यासकानं एक उपाय शोधला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. कोंब थोडे वर आले की नुसत्या पाण्याऐवजी चार ते सहा टक्के मद्यार्क असलेलं पाणी द्यायचं. देठ एक-तृतीयांश ते निम्म्यानं आखूड राहतो, फूल मात्र पूर्ण आकाराचं येतं आणि रोप ताठ उभं राहतं. जिन, व्होडका, व्हिस्की चालते. बिअर आणि वाइन चालत नाही, त्यांतल्या साखरेनं बिघाड होतो. हे वाचल्यापासून मला एकतीस डिसेंबरची मुळशी डोळ्यांपुढे येते. पौडच्या रस्त्याला गाड्यांची रांग, काठाकाठानं गाणी, हिरवळीवर माणसं. त्या रात्री त्या सबंध खोऱ्यात घेऊनही ताठ उभा राहणारा असा एक नर्गिसच असेल. तोही मोजून, पाण्यातून.

वहिनींकडे कामाला येणाऱ्या मावशी जवळच्याच वाडीतल्या. त्यांनी ट्यूलिपचा कांदा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा त्या तो चिरायला घेणार, असा आम्हा सगळ्यांचा होरा होता आणि आम्ही हसायच्या तयारीत होतो. मावशींनी कांदा तळहातावर फिरवला, तपकिरी साल नखानं किंचित सोलली, नाकाशी नेला आणि परत पिशवीत ठेवला. "ह्यो खायाचा न्हाय, वैनी. वास न्हाय ह्येला." मग थोड्या वेळानं, "आन् गारठ्यात कशापायी ठिवायचा?" वहिनींनी थंडीचं, आठवड्यांचं सगळं समजावून सांगितलं. मावशींनी ते नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंजी ह्येला फशिवायचं." कांद्यांच्या या साऱ्या शास्त्राचं इतकं नेमकं सार मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

मावशींना कांद्यांची पारख असायचं कारण साधं आहे. या डोंगरांत कुठला कंद डुकरं उकरतात, कुठला साळिंदर खातं आणि कुठल्याला कुणी तोंड लावत नाही, हे पोटासाठी माहीत असावं लागे. कडू करांदा तसाच खाल्ला तर घसा धरतो. तो चकत्या करून, राखेच्या पाण्यात उकडून, पुन्हापुन्हा धुऊन, कडूपणा घालवून खायचा. कातकरी वस्त्यांत ही कृती लहान पोरालाही ठाऊक असे. आणि गंमत, म्हणजे गंमत म्हणवत नाही, पण असाच प्रसंग खुद्द हॉलंडवर आला होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात, जर्मन नाकेबंदीत, ॲमस्टरडॅमसारख्या शहरांत खायला अन्न उरलं नाही तेव्हा लोकांनी ट्यूलिपचे कांदे खाल्ले. युद्धामुळे लागवड थांबलेली, कोठारांत कांदे पडून होते. मधला पिवळा कोंब विषारी, तो काढून टाकायचा आणि उरलेलं उकडायचं. त्या हिवाळ्यात सुमारे वीस हजार माणसं गेली. त्याच देशात १६३७च्या फेब्रुवारीत एकेका कांद्याचे सौदे घराच्या किमतीला होत होते आणि त्याच महिन्यात बाजार कोसळला. (इकडे त्याच महिन्यात शिवराय सात वर्षांचे होत होते, मावळातल्या कांद्यांना तेव्हा कुणी भाव विचारत नव्हतं, हे एका परीनं बरंच.) एका राखेच्या हंडीत आणि एका ॲमस्टरडॅमच्या पातेल्यात जे शिजलं, ते सारखंच असणार. मावशींसमोर हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मंग तेनला राख घालायचं कुनी सांगितलं न्हाय का?" त्यांचा जीव खरोखरच हळहळला होता.

फसवायचं म्हणाल तर आपणही काही कमी नाही. आजीच्या देवघरातला घट मला आठवतो. आश्विनाच्या पहिल्या दिवशी पत्रावळीवर काळी माती, तिच्यात गहू-ज्वारी-जवापासून मूठ मूठ धान्य, मधोमध कुंभ, वर रोज एक माळ. देवघर म्हणजे माजघराचा कोपरा, उजेड तो अखंड दिव्याचा. त्या अंधारात धान भराभर उंच होई, पण हिरवं म्हणून होत नसे; उजेडावाचून हरितद्रव्य धरत नाही, हे कळायला मला शाळा लागली. आजीला ते पिवळं, नाजूक धानच मंगल वाटे. ते किती वाढलं यावरून ती येत्या रब्बीचा अंदाज बांधी आणि आम्हाला दोन बोटं लांब राहून बघायला सांगे, कारण दृष्ट लागते. दसऱ्याला घट उठला की आजोबांच्या टोपीत तुरा, आमच्या कानांवर तुरा. मुहूर्तावर धान उगवलंच पाहिजे असा हट्ट धरून बीला घरात, अंधारात, पाण्यावर जागं करायचं. वहिनींच्या फ्रीजमध्ये याहून वेगळं काय चाललं आहे? वेगळं एवढंच की घटाला नऊ दिवस पुरत. आपल्या पूर्वजांनी सण आणि बी यांची गाठ घालताना बी मोठं शहाणपणानं निवडलं होतं.

वाड्यांच्या अंगणांत, आता सोसायट्यांच्या गच्चीत, एक लाल लिली असते. वर्षभर तिची पट्ट्यासारखी पानं असतात, तीही कधीकधी नसतात, आणि मे महिन्याच्या तलखीत अचानक एक पोकळ, जाड दांडा वर येऊन त्यावर कर्ण्यासारखी फुलं लागतात. नाताळात पाश्चात्त्य घरांतून जिला ॲमॅरिलिस म्हणून मिरवतात, ती हीच जात. शास्त्रात हिपिअॅस्ट्रम, मूळची दक्षिण अमेरिकेची. तिचा पहिला संकर १७९९ च्या सुमाराला लँकेशायरमधल्या आर्थर जॉन्सन या माणसानं केला. लाल पाकळी आणि तिच्यावर पांढरी रेघ, असं ते फूल. जॉन्सन धंद्यानं घड्याळजी होता. मला हे फार आवडलं. दिवसभर दुसऱ्यांची घड्याळं जुळवून दमलेल्या माणसाला संध्याकाळी असं एक यंत्र भेटावं की जे किल्लीनं नव्हे तर कोरड पडल्यानं चालतं! या लिलीच्या कांद्यात दर चार पानांमागे एक कळी बसलेली असते. पावसाळ्यात पानं भरपूर वाढू द्यायची, मग दोन-अडीच महिने पाणी तोडायचं, आणि पुन्हा पाणी दिल्यावर दीड-दोन महिन्यांत फूल. हिशेबानं नाताळ गाठता येतो. आमच्या आजोळची लिली मात्र कुणी पाणी तोडलं म्हणून रुसली नाही की दिलं म्हणून हसली नाही. ती आंबे उतरायच्या दिवसांत फुले, आणि अंगणभर पसरलेल्या कुरडयांवरून उडी मारून तिच्यापर्यंत पोचण्यात आमची सुट्टी जाई.

पण मुळशीत बसून ऋतूला चकवण्यावर टीका करणं थोडं अवघडच. इथे नदीलाच चकवलेलं आहे. मुळा इथून निघून पुण्याला मुठेला भेटायची, तिथून भीमेत, कृष्णेत आणि पूर्वेच्या समुद्रात जायची. धरण झालं तेव्हा तिचं पाणी बोगद्यानं उलटं पश्चिमेकडे वळवून सह्याद्रीच्या पायथ्याला भिऱ्याच्या वीजघरावर सोडलं. १९२७ पासून तिथे वीज होते आणि ती मुंबईला जाते. त्यासाठी आंबेमोहर पिकवणारी खाचरं आणि गावं पाण्याखाली जाणार म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. तुरुंगवास झाले, मार खाल्ला, धरण थांबलं नाही. आता मुंबईचं एखादं कुटुंब ऑक्टोबरात घरच्या फ्रीजमध्ये ट्यूलिप निजवतं आणि डिसेंबरात ते पिशवीत घालून मुळशीच्या बंगल्यावर आणतं, तेव्हा त्या कांद्याला लागलेल्या थंडीत मुळशीच्याच पाण्याचा थेंबभर वाटा असतो. पाणी घाट उतरून गेलं, वीज झाली, गारवा झाली आणि कांद्यात बसून घाट चढून परत आली. मावशींचं आजोळ या पाण्याखाली आहे. त्या जानेवारीत रिकाम्या बंगल्यात कुंडीला पाणी घालायला जातात आणि वसंत पंचमीचा तो ट्यूलिप बहुतेक वेळा त्यांनाच दिसतो. "कसा आला होता?" असं वहिनींनी फोनवर विचारलं तर म्हणतात, "बरा हुता. पर एकलाच."

एकलाच असणार. कारण ज्या महिन्यांत हॉलंडच्या कांद्याला आपण हलवून जागं करतो, त्याच महिन्यांत मुळशीचे सगळे कांदे गाढ झोपलेले असतात. दिवाळीपर्यंत त्यांची पानं पिवळी होऊन मातीला मिळालेली असतात, वर काही खूण नसते, आणि आपण त्यांच्याच छातीवर खुर्च्या टाकून फुलं नाहीत म्हणून खंतावत बसतो. रानकांदा त्यांतल्या त्यात आधी उठतो. रखरखीत उन्हात पान नसलेला नुसता दांडा वर काढतो. मग पहिला पाऊस पडला की ताम्हिणीच्या उतारावर सापकांदा फणा उभारतो, पानाची वाटही न बघता. त्यामागून मुसळीची पांढरी फुलं, रानहळदीची पिवळी कणसं, भुईआमऱ्या. आणि श्रावणात कुंपणाकुंपणावर कळलावी, पिवळ्याची लाल होत जाणारी, पाकळ्या उलट्या वळलेली. कुणी त्यांना फ्रीजमध्ये ठेवलेलं नसतं. तो सण बघायला गर्दीही येते, पण ती धबधब्याशी उभी राहून पाठ डोंगराकडे आणि तोंड मोबाइलकडे करून परत जाते.

तेव्हा नाताळात घरात फूल हवंच असेल तर नर्गिस आणा, नोव्हेंबराच्या मध्याला खड्यांवर ठेवा आणि हवं तर त्याला चमचाभर पाजा; ट्यूलिपच्या नादी लागायचं तर वसंत पंचमीला मुळशीत राहायची तयारी ठेवा. आणि जूनमध्ये पहिले दोन-तीन पाऊस झाल्यावर एक दिवस काढून ताम्हिणीला या. सावकाश चाला, खाली बघा. मात्र आवडला म्हणून कुठलाही कांदा उकरून घरी नेऊ नका. तो कुंडीत जगेलच असं नाही, आणि २०१३ पासून ताम्हिणी अभयारण्य असल्यामुळे तिथून काहीही उपटून नेणं हा गुन्हा आहे.